कंपायलरची एक ओळ

डोंगरकडा या आमच्या गावी घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. हळदीच्या पानाचा फोटो बघून करपा पडलाय का, हे सांगणारं आमचं सॉफ्टवेअर पॅकेज आहे. त्यातला जड गणिताचा भाग सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे आणि तो मी लिहिलाय.

रिलीजआधी, म्हणजे सगळ्यांना खुलं करण्याआधी, हिंगोलीच्या एका कॉलेजला ते वापरून बघायला दिलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेच्या मॅडमचा फोन आला. "फोटो टाकला की प्रोग्रामच बंद होऊन राहिला. आमचंच काही चुकून राहिलं का?"

सकाळच्या एसटीनं मी तिथं गेले. त्यांचे कॉम्प्युटर जुने होते, पण धड होते. चूक मॅडमची नव्हती आणि माझ्या गणिताचीही नव्हती. लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवतो तो कंपायलर; त्याच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती: ज्या मशीनवर कोड तयार होतोय, त्याच्याच प्रोसेसरला साजेसा बनव. आणि तो तयार होत होता आमच्या टीम लीडच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर. त्या लॅपटॉपला कळणाऱ्या काही सूचना कॉलेजच्या प्रोसेसरला ठाऊकच नव्हत्या, म्हणून प्रोग्राम बंद पडत होता.

घरी येऊन मी ऑनलाइन मीटिंगमध्ये हे सांगितलं. लीड म्हणाले, "त्या ओळीनं वेग मिळतो. त्यांना मशीन बदलायला सांग. गावाकडच्या डबड्यांसाठी सगळ्यांनी हळू चालायचं का?"

डबडी हा शब्द मला झोंबला. "सर, हळद इथंच पिकते," मी म्हणाले. "इथं जे चालत नाही, ते चालतं असं मी लिहून देणार नाही."

"रिलीज उद्या आहे."

"मग माझी मंजुरी धरू नका."

शेजारच्या खोलीतून बाबा आले. "नोकरी सोडून राहिलीस का काय?"

"न्हाई बाबा. त्यांनी काढलं तर काढू द्या."

ते ताट वाढायला वळले. मग म्हणाले, "जेवून घे आधी."

मी जेवले नाही. ती ओळ काढली, पॅकेज पुन्हा तयार केलं आणि मॅडमना पाठवलं. तोवर माझ्या मशीनवर ओळीसह आणि ओळीविना, दोन्हींचा वेग मोजला. फरक जेमतेम होता, कारण बराचसा वेळ गणितात नाही, फोटो उघडण्यातच जात होता. ते आकडे मी सगळ्या टीमसमोर ठेवले. कुणाला वेग हवाच असेल तर त्यानं स्वतःच्या मशीनवर ती सेटिंग चालू करावी, अशी सोयही ठेवली. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला, "व्हय, चाललं." तोही मी तिथंच टाकला.

लीड सोडून बाकीच्यांनी होकार दिले आणि रिलीज माझ्या बदलासह गेलं.

पुढच्या भागाचं काम मात्र लीडनी माझ्याकडून काढून घेतलं. मला माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. ती मी लिहिली, आणि सोबत पॅकेजला एक आपोआप चालणारी तपासणीही जोडली: जुन्या प्रोसेसरवर चालल्याशिवाय पॅकेज बाहेर जाणारच नाही. लीडनी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

कोडमधला प्रत्येक बदल आमच्या सगळ्या टीमला दिसतो; ती तपासणी काढायची झाली, तर कारण सगळ्यांसमोर द्यावं लागेल. अजून कुणी दिलेलं नाही.