चपलांचे पाहुणे

नवरा गेल्यावर मी एक येडेपणा केला. दर रविवारी दाराबाहेर जुन्या चपलांचे चार-पाच जोड मांडायचे, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं, हिच्याकडे पाहुणे आलेत! आत बाईसाहेब एकट्याच मोठमोठ्यानं हसत बसायच्या. आज समोरच्या दारात खऱ्या पाहुण्यांच्या चपला दिसल्या आणि ते आठवून या वयातही माझे कान तापले. एकटेपण नशिबानं दिलं होतं. त्याची लाज मात्र मी पदरची घातली. आल्याचा चहा, गॅलरीतलं ऊन, एवढ्यावरही दिवस गोड होतो, हे तेव्हाच्या माझ्यातल्या शहाणीला कुठलं कळायला! त्याच दिवसांत एका सोमवारी चपला आत घ्यायला विसरले. शेजारच्या काकू मेथीची जुडी घेऊन आत आल्या नि म्हणाल्या, "पाहुणे अनवाणीच गेले वाटतं गं? बरं, सरक जरा, मेथी निवडू."