बाळंतिणीच्या घरचं पहिलं पाणी

शी! मे महिन्यातलं आमचं न्हाणीघर आठवलं तरी मला अजून किळस येते. कोपऱ्यात दोन बादल्या झाकून ठेवलेल्या, पाणी तीन दिवसांचं, वर डासांची पिल्लं वळवळतायत. नळ उघडावा तर आधी खोकतो, मग फुस्स करून वारा सोडतो आणि गप्प. फ्रिज बंद, त्यातलं दही फसफसून भांड्याबाहेर आलेलं. आणि फोनवर पुण्याची बहीण म्हणते, "मज्जा आहे बाई तुमची! निसर्गाच्या कुशीत राहताय!" म्हटलं, ये. ये तू पण कुशीत.

ती खरंच यायला निघाली. पंचाईत झाली ती तिथून.

चार वर्षांपूर्वी नवरा निवृत्त झाला, त्याच्या डोक्यात मिरीच्या वेलांचं खूळ शिरलं आणि आम्ही सीमेपलीकडे, कानडी मुलखात, कुंभारवाड्याकडच्या एका वाडीत घर करून राहिलो. पुणं काही साता समुद्रापार नाही, पण राज्य बदललं की माणूस परदेशीच. वाडीत मराठी सगळ्यांना येते; बिल मात्र कानडीत, पंपघरावरची पाटी कानडीत, फोनवरचा लाइनमनही कानडीत. चार वर्षांत माझं कानडी तीन वाक्यांचं झालं. करंट इल्ल, नीर इल्ल, नाळे. वीज नाही, पाणी नाही, उद्या. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. आणि गाडीनं थोडं पुढं गेलं की हे एवढं मोठं धरण, वीज करणारं! धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. इथं ती रोज भोगत होते.

शेजारी एक म्हातारी राहते. मी तिला आक्का म्हणते, ती मला बाई. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलेली होती. पोर झाली ती एवढीशी, मुठीएवढ्या तोंडाची. त्यात उन्हाळा. तिच्या अंगभर पुरळ उठलं, मानेच्या वळ्यांत चिघळलं. दोन वेळा स्वच्छ पाण्यानं अंघोळ घाला, नाहीतर वाढेल, असं नर्सबाई बजावून गेल्या होत्या.

आणि जवळपास स्वच्छ पाणी एकाच ठिकाणी, वाडीमागच्या झऱ्यावर. दगडांनी बांधलेलं कमरेएवढं कुंड आहे. उन्हाळ्यात त्याला करंगळीएवढी धार, ती रात्रभर साठते तेव्हा कुठं सकाळी ते भरतं. मेच्या सुरुवातीला नळ बंद पडला त्या दिवशी आक्का दारात येऊन म्हणाली, "बाई, बाळंतीण उठेस्तवर सकाळचं पयलं पानी आमच्या घराला हां. वाडीचा रिवाज हाय."

"घ्या की, मी कशाला अडवू?" मी म्हटलं. मनात म्हटलं, असेल काहीतरी सोवळंओवळं.

त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या पायरीवर एक भरली घागर असायची. आक्काच ठेवायची. आणि मी काय करायचे? सांगायला लाज वाटते, पण सांगते. एकदा त्यात जांभळाचं पान तरंगत होतं आणि पाण्याला मातीचा वास येत होता. मी नाक मुरडलं आणि अख्खी घागर जास्वंदीला घातली. आम्ही प्यायला रामनगरहून बाटल्यांची खोकी आणायचो ना!

बहीण शनिवारी येणार होती. तिला मी फोनवर छातीठोक सांगितलं होतं, "पाण्याचा काही त्रास नाही गं, चोवीस तास!" बुधवारी वारं सुटलं, तारांवर झाड कोसळलं आणि अधूनमधून येणारी वीजही बंद झाली. लाइनमनला फोन केला. नाळे. गुरुवारी केला. नाळे. शुक्रवारी मी नवऱ्याला रामनगरला पिटाळलं आणि पेट्रोलवर चालणारा पंप भाड्यानं आणवला.

"झऱ्याला पंप लावणार? आक्काला विचारलंस?" तो म्हणाला.

"सकाळचं पहिलं पाणी त्यांचं. मी दुपारी घेते. नियम मोडला का कुणाचा?"

पुण्याची ना मी. नियम पाळून दुसऱ्याची गैरसोय कशी करावी, हे मला कुणी शिकवायला नको. चार वाजता पंप सुरू झाला. सगळी वाडी त्या फटफटीनं दणाणली. कुंड बघता बघता खाली गेलं. नवरा म्हणाला, "तळ दिसायला लागला, बास कर." मी म्हटलं, "दोन मिनिटं अजून." पाइप गाळात घरघरेपर्यंत मी पंप बंद करू दिला नाही. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली. नळाला मी हातसुद्धा लावला नाही. पाहुण्यांसाठी राखून ठेवलं!

शनिवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर घागर. नितळ, पान नाही की काडी नाही. म्हटलं, म्हातारीला सांगून यावं की आता नको आणूस.

आक्का अंगणात भिंतीला टेकून बसली होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. आत पोर रडत होती.

"आक्का, आज कशाला आणलंत? माझी टाकी भरलीय."

"व्हय, पंप आयकला की." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "झऱ्यात निसता गाळ हाय आज. मग पार खालच्या व्हाळावर गेलो. दोन घागरी गावल्या."

"दोन? आणि त्यातली एक मला?"

"तुमची भन येनार न्हवं आज? तुमीच सांगितलं. घरचं मानूस एवढ्या लांबनं येतंय, दारात पानी नको?"

"आणि पोरीची अंघोळ?"

"दुसरी घागर प्यायला आन् पेजेला लागली. पोरीला वल्या फडक्यानं पुसून घेतली. हुईल, धार चालू हाय. दोन-तीन दिसांत निवळंल."

मला माझीच किळस आली. दह्याची, डासांच्या पिल्लांची आली होती त्याच्या दसपट. धावत घरी आले, बादली नळाखाली लावली. टाकी भरलेली होती ना? अख्खी परत द्यायची होती मला. नळ खोकला, फुस्स केलं आणि तांबडा चिखल ओकला. कुंडाचा तळ उपसून मी टाकीत भरला होता. चिघळलेल्या कातडीवर तो घालणार?

मग ती एकच घागर उचलली आणि त्यांच्या चुलीपाशी नेऊन ठेवली. आक्का "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" म्हणत राहिली. पाणी तापलं. पोरीला आक्कानं पायांवर घेतलं आणि मी तांब्यानं धार धरली. एक थेंब वाया जाऊ नये म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

दुपारी बहीण आली. झाडं बघून हरखली, फोटो काढले आणि हातपाय धुवायला न्हाणीघरात गेली.

"शी!" ती आतून ओरडली. "अगं, हे कसलं पाणी तुमच्याकडे?"

"बाळंतिणीच्या वाट्याचं," मी म्हटलं.