लॉनचे दिवे बंद होते

भूत, भानामती, स्वप्नात दिसलेलं खरं होणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठते. खराडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते मी. बग असतो आणि त्याला कारण असतं, एवढंच मला माहीत. म्हणून तर हे लिहिताना चिडचिड होतेय.

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, सप्तर्षीच्या शेपटीजवळच्या एका दीर्घिकेत तारा फुटला. सुपरनोव्हा - आणि आकाशाच्या हिशेबात अगदी शेजारी. बागवान सरांचा लगेच फोन, "निघ." सर माझे शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, आता रिटायर्ड. खडकवासल्याच्या पुढे त्यांच्या भावाच्या गच्चीवर आमची दुर्बीण असायची. ताऱ्याचा प्रकाश रंगांच्या पट्टीत, म्हणजे वर्णपटात, पसरवणारी ग्रेटिंगची काच सरांनी स्वतः तिला बसवली होती. सरांना काचबिंदू. घरचे म्हणत होते, आता पुरे. त्यांना हा एक वर्णपट नीट घेऊन दाखवायचा होता.

अंधार पडल्यावर फोटो घेतले, लॅपटॉपवर कुठल्या रंगाचा प्रकाश किती याचा आलेख काढला आणि माझं डोकंच फिरलं. नुकत्याच फुटलेल्या अशा ताऱ्याचा आलेख जवळजवळ सपाट हवा. आमच्यात तांबड्या भागात भलामोठा उंचवटा.

अशा वेळी आम्हा आकाशवेड्यांना एकच संशयित माहीत - मंगल कार्यालय. शेजारच्या लॉनचे फ्लडलाइट लग्नसराईत आमचे फोटो नासवतातच. त्या बाजूला आम्ही हिरवी नेट बांधलेली, वरून काही दिसत नाही. मी तरातरा खाली गेले आणि मॅनेजरला झापायला सुरुवात केली. तो कलिंगड खात बसला होता.

"मॅडम, आज मुहूर्त नाय. लग्नच नाय तर दिवं कुणासाठी लावू? तुमच्यासाठी?"

लॉनवर खरंच काळोख होता. वर येऊन दुर्बीण तपासायला स्वाती ताऱ्याचा वर्णपट घेतला, तो अगदी बरोबर. पुन्हा सुपरनोव्हा - पुन्हा उंचवटा! आमच्या आकाशवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्यावर एका गृहस्थांनी अत्यंत आदराने विचारलं, "सर, आपण आकाशाकडेच बघत होता ना?"

सर हसले नाहीत. काच आपणच वाकडी बसवली असणार, आता दिसत नाही, म्हणाले. मी भांडले, पण त्यांनी ग्रुपवर माफी मागितली आणि दुर्बीण एका शाळेला देऊन टाकली. पाठोपाठ ढग आले. पुन्हा तपासायची सोयच राहिली नाही.

काही आठवड्यांनी एका मोठ्या वेधशाळेने त्याच ताऱ्याचा ताजा वर्णपट जाहीर केला. तांबड्या भागात रुंद उंचवटा, हायड्रोजनचा. फुटलेला वायू पसरून निवला की तो दिसतो - म्हणजे आठवड्यांनीच. आमचा आलेख त्यावर ठेवला तर तंतोतंत बसला. आमचा तर पहिल्या आठवड्यापासून ग्रुपवर पडून होता! ग्रुपचं उत्तर? योगायोग. संताप नुसता.

मी सरांकडे गेले, दोन्ही आलेख टीव्हीवर मोठे करून दाखवले. सर पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे काच सरळ होती," ते म्हणाले.

"हो, पण सर, हा प्रकाश तेव्हा अजून वाटेत होता. आपल्याकडे आधीच कसा आला?"

"ते मला नाही माहीत." त्यांनी चष्मा पुसला. "मुग्धा, दुर्बीण परत मागितली तर देतील का गं ते?"

शाळेत मी स्वतः जाऊन विचारलं. नाही म्हणाले. प्रकाशाचं मात्र कुणाला विचारायचं, हेच मला अजून कळलेलं नाही.