पंगत मीच बसवली

आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत आमची कंपनी गेली, तेव्हा मी हवालदार होतो. निळं हेल्मेट, पांढऱ्या गाड्या आणि खिशात एक कार्ड. गोळी कधी चालवायची याचे नियम त्या कार्डावर छापलेले होते. सार एवढंच, की आधी विचारायचं. आणि विचारायचं त्यांना, ज्यांनी ती माती कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

माझं गाव पाथर्डी तालुक्यात, तिसगावजवळ. माझ्या हाताखालचा नाईक संपत पारनेर तालुक्यातला. दोघंही कोरडवाहू मुलखातले, म्हणून आमचं जमायचं. तो म्हणायचा, "दादा, तुमच्या पाथर्डीत पाऊस बी रजेवरच असतोय." मी म्हणायचो, "तुझ्या पारनेरात तर तो अजून भरतीच झाला न्हाई."

पाच वाजता पीटी, सात वाजता गस्त, नंतर गेटवर ड्यूटी. तिथल्या दोन टोळ्यांत लढाई पेटली तशी आसपासच्या गावांतली तीनएकशे माणसं आमच्या तारेच्या आत आश्रयाला आली. दोन्हीकडच्या दारूगोळ्याच्या खोक्यांवर इंग्रजी अक्षरं होती. पहिल्या दिवशी खिचडीसाठी अशी रेटारेटी झाली, की एक म्हातारी पातेल्यावर पडून भाजली. दुसऱ्या दिवशी मी आपल्याकडच्यासारखी पंगत बसवली. चुन्याच्या रेघा मारल्या, ओळीनं माणसं बसवली. संपत बादली घेऊन वाढायला. आमचा दुभाषा जोसेफ त्याच्या मागोमाग फिरून सांगायचा, बसून राहा, सगळ्यांना मिळेल. तिसऱ्या दिवसापासून कुणाला सांगावं लागलं नाही.

मग तो दिवस आला. सकाळी नऊ वाजता रेडिओवर हुकूम. जवळच्या खाणीतल्या परदेशी इंजिनिअरांना न्यायला त्यांच्या देशाची हेलिकॉप्टर्स येणार, आमच्या दोन प्लाटूननी हेलिपॅडला संरक्षण द्यायचं. मेजर साहेबांनी विचारलं, "कॅम्पमधल्या सिव्हिलियन्सचं काय? ओव्हर."

"सेकंड लिफ्ट अ‍ॅट वन थ्री झीरो झीरो. कन्फर्म्ड. आउट." म्हणजे त्यांना न्यायला दुसरी खेप दुपारी एकला.

दोन प्लाटून घेऊन मेजर साहेब गेले. कॅम्पवर आम्ही बारा जण उरलो. माणसं खंदकात बसवली. अलर्ट असताना तसाच नियम होता. दहा चाळीसला हेलिकॉप्टर्स उतरली. मी दुर्बिणीतून पाहत होतो. इंजिनिअर चढले, त्यांच्या पेट्या चढल्या, एकाचा कुत्राही चढला. बारा मिनिटांत सगळं आभाळात.

साडेबारा वाजले. खंदकात पोरं रडत होती. मी विचार केला, एक वाजता हेलिकॉप्टर येणार, माणसं भरल्या पोटी जाऊ देत. ओळीत बसलेली असली तर चढतानाही गोंधळ होणार नाही. मी म्हणालो, "संपत, पंगत बसव."

"दादा, उघड्यावर? आज?"

"एकची खेप येतीय. पक्कं सांगितलंय त्यांनी."

"बरं," तो म्हणाला.

एक वाजला, एक पाच झाले. आभाळ रिकामं. तेव्हाच मी पंगत उठवायला हवी होती. मी उठवली नाही, कान लावून पंख्यांचा आवाज ऐकत बसलो. एक दहाला मॉर्टरचा पहिला गोळा शेवटच्या ओळीवर पडला. बसलेली बाकीची माणसं जमिनीला चिकटली. पण वाढणारा उभा असतो. संपत उभा होता, जोसेफ त्याच्या शेजारी. दोघंही गेले.

दोन वाजता रेडिओवर उत्तर मिळालं. "निगेटिव्ह. नो सेकंड लिफ्ट प्लॅन्ड." दुसरी खेप ठरलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या इंजिनिअरांच्या देशाच्या प्रवक्त्यानं तीव्र चिंता व्यक्त केली.

आता तिसगावच्या बाजारात चहाच्या हॉटेलात टीव्ही चालू असतो. रोज कुठलंतरी युद्ध, आणि कोट घातलेला कुणीतरी शांततेबद्दल बोलत असतो. तरुण मंडळी तावातावानं भांडतात, हा देश बरोबर की तो. मला विचारतात. मी म्हणतो, भाषण ऐकू नका, हेलिकॉप्टरमध्ये कोण चढलं ते बघा. आपलेही लोक काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. पण हत्यारं विकायची, वर न्यायाचे धडे द्यायचे, आणि जाळ लागला की आपली तेवढी माणसं उचलून न्यायची, ही त्यांची रीत मी डोळ्यांनी पाहिली आहे. अजून माझं डोकं भणाणतं.

हे मी वर्षानुवर्षं बोलत आलो. निम्मंच बोललो.

संपतच्या गावी दरवर्षी त्याच्या नावानं जेवण असतं. मी जातो, सल्यूट करतो आणि काहीतरी निमित्त काढून न जेवता परततो. यंदा त्याच्या बायकोनं, सुमनवहिनीनं, मला अंगणात अडवलं. हातात आमटीची बादली होती.

"भावजी, त्या गोऱ्यांवर लई बोलता तुमी. पन आमच्या पंगतीला का बसत न्हाई, ते कंदी बोलला न्हाई."

मी टोपी काढून हातात घेतली.

"वहिनी, त्या दिवशीची पंगत मीच बसवली हुती. संपत नको म्हणत हुता. मी रेडिओवरच्या शब्दावर इश्वास ठेवला."

वहिनीनं बादली खाली ठेवली.

"मंग? काय म्हनले त्ये?"

"बरं म्हणाला."

"त्ये तसंच हुते. घरात बी नको म्हनायचे, आन मंग बरं म्हनून करायचे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "समदी जेवली हुती का?"

"न्हाई. शेवटची वळ ऱ्हायली हुती."

त्या ओळीत अकरा माणसं गेली. त्यांची नावं जोसेफला ठाऊक होती. ती आता कुठल्याच यादीत नाहीत.

वहिनीनं बादली उचलली आणि माझ्या हातात दिली. "वाढा," त्या म्हणाल्या.

अंगणात माणसं ओळीनं बसली होती. मी सरळ पार टोकाला गेलो आणि शेवटच्या ओळीपासून वाढायला सुरुवात केली.