केतकी आपली नातेवाईक लागते का?

आता तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतो. लोकांच्या लग्नात दुसरे मोडता घालतात. माझ्या लग्नात मीच घातला, तोही कॉम्प्युटर लावून.

मी जबलपूरच्या एका कॉलेजात लॉजिक प्रोग्रामिंग शिकवतो. इथल्याच चेरीताल भागातल्या केतकीचं स्थळ आलं, आम्ही भेटलो आणि खरं सांगतो, मला ती फार आवडली. पण आईचं आपलं एकच. "इथली मराठी घरं मोजकी. आधी नातं तर नाही ना, पाहून घे."

दुसऱ्या कुणी आत्याला फोन केला असता. मी प्रोग्राम लिहायला बसलो! कोण कुणाचं मूल, कुणाचं लग्न कुणाशी, सगळं आईला विचारून भरलं. मग नियम घातला: आईबाप, मूल, जोडीदार हे नातेवाईक, आणि नातेवाइकाचा नातेवाईक तोही नातेवाईक. नियम असा स्वतःलाच पुन्हा हाक मारतो, ते रिकर्शन. एक वाट बंद निघाली की मशीन मागच्या फाट्यावर येऊन दुसरी धरतं, ते बॅकट्रॅकिंग. वर्गात हे मी फार ऐटीत शिकवतो.

विचारलं, केतकी माझी नातेवाईक आहे का? उत्तर आलं, हो.

आईने त्याच दिवशी नकार कळवला. मला वाईट वाटलं, पण लपवू कशाला, प्रोग्राम चालला म्हणून बरंही वाटलं.

आठवड्याने आई चहा घेऊन आली. "काय पाहून राहिला रे?"

"नातं कुठून लागलं ते." वाट सापडली होती. आत्याच्या नणंदेच्या जावयाची मामेबहीण, तिच्या नवऱ्याची ही पुतणी.

"हे नातं झालं? बाकीच्या पोरींचं विचार बरं."

भरलेलं एकेक नाव विचारलं. प्रत्येकीला हो.

"म्हणजे तुझ्या हिशोबाने जबलपुरात तुला एकही पोरगी चालत नाही. मग आता काहून बसून राहिला? फोन कर अन् सांग, चुकलं म्हणून."

लॉजिकच्या मास्तराने लॉजिक चुकलं म्हणून सांगायचं? मशीनला मागे फिरायची लाज नसते. मला होती. उद्या करतो, उद्या करतो म्हणत महिना घालवला.

शेवटी केला. केतकीनेच उचलला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नियमासकट.

"अच्छा, म्हणजे तेव्हा नातं नव्हतं," ती म्हणाली. "पर अब तो है. शहपुऱ्याच्या तुमच्या चुलतभावाशी, विनयशी, कालच लग्न ठरलं माझं. लग्नाला या जरूर. फक्त प्रोग्राम घरी ठेवून या, भाऊजी."