डिफॉल्टरावांचं न सांगितलेलं माप

ही चूक डिफॉल्टरावांच्या हातून झाली, आणि ती करताना त्यांना फार बरं वाटत होतं.

बुटांच्या कारखान्यातला जुना सर्व्हर धापा टाकायला लागला होता. सगळ्या विभागांच्या फायली त्याच्या पोटात, आणि कुणीही कुठूनही छपाईचा हुकूम सोडला की तो नेमक्या प्रिंटरपर्यंत पोहोचवायची हमालीही त्याचीच. एका सुट्टीच्या दिवशी डिफॉल्टरावांनी नवं मशीन मांडलं, त्यावर सर्व्हरचा तयार प्रोग्राम चढवला, जुन्यावरची सेटिंगची फाईल जशीच्या तशी उचलून नव्यावर ठेवली आणि कुलूप लावून घरी गेले. दुसऱ्या दिवशी काही बदललंय हे कुणाच्या गावीही नव्हतं. या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते. ती त्यांनी स्वतःच स्वतःला दिली, दुसरं कुणी देण्यातलं नव्हतं.

त्यांचं हे नाव कारखान्यानंच पाडलेलं. "मी तर काहीच सांगितलं नव्हतं, मग हे असं का झालं?" असं कुणी विचारलं की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "तुम्ही सांगितलं नाही म्हणून काही अडत नाही. न सांगितलेलं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात." हे त्यांनी कॅन्टीनवाल्यालाही ऐकवलं होतं, बिनसाखरेचा चहा सांगायचा राहून गेला तेव्हा. घरचा कारभारही याच तत्त्वावर चालायचा. भाजी कुठली, पडदे कसले, लेकीनं पुढे काय शिकायचं, यात ते तोंड उघडायचे नाहीत आणि बायकोनं ठरवलेलं आपोआप लागू व्हायचं. तक्रार अशी कधी आली नाही. आली असती तरी ती कुठे करायची हेही बायकोनंच ठरवलं असतं.

नवं मशीन आलं आणि काही आठवड्यांनी बूट परत यायला लागले. शाळेचे काळे बूट, सगळे एकाच खेपेतले. दुकानदार म्हणत होते, नंबर बरोबर आहे, पण बूट चावतो.

आता बूट चावायला लागला की कारखान्यात सगळ्यांच्या माना आधी कटिंगकडे वळतात. डिझाइनवाले कातड्याच्या तुकड्यांचे आकार संगणकावर काढतात, ती फाईल सर्व्हरवरून मोठ्या प्रिंटरकडे जाते, छापलेले आकार पुठ्ठ्यावर चिकटवतात, आणि तो पुठ्ठा कातड्यावर ठेवून कडेनं सुरी फिरवतात ते मास्तर. कटिंगचे मुख्य. आणि डिफॉल्टरावांच्या बायकोचे थोरले भाऊ. कापलेलं कातडं पुढे साच्यावर ताणून बसवलं जातं. त्यामुळे तुकडे लहान पडल्याचं कारखान्यात कुणालाच कळलं नाही. कळलं ते पायांना.

धाकट्या मालकीणबाईंनी बैठक बोलावली. बाई तशा सरळ. त्यांनी एकेकाला विचारलं, काही बदल केलाय का? डिझाइनवाले म्हणाले, नाही. डिफॉल्टराव म्हणाले, "मशीन नवं आहे, पण सेटिंगची एक ओळ बदललेली नाही. कागद पूर्वी जसा यायचा तसाच येतोय."

"नक्की?"

"अक्षर न् अक्षर ताडून पाहिलंय."

हे खरंच होतं, आणि त्यातच सगळी गोची होती. उरले मास्तर. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "मग माझाच हात आत जात असणार."

बाईंनी त्यांना पॅकिंगला बसवलं. महिनाअखेरीला कटिंगला नवा माणूस येणार, तो आला की मास्तरांचं टेबल गेलं ते गेलंच, असंही सांगितलं. सुरी तेलाच्या फडक्यात गुंडाळून मास्तरांनी खणात ठेवली आणि पेट्यांना चिकटपट्टी लावायला गेले. त्यांच्या पट्ट्या इतक्या सरळ लागायच्या की पॅकिंगमधली पोरं म्हणायची, मास्तर, बूट घालायचेत, खोकी नाही.

घरी मात्र बायकोचं बोलणं आटलं. अगदीच नाही असं नाही. "ताट वाढलंय" एवढं ऐकू यायचं.

"अगं, मी काय खोटं बोललो?"

"मी कुठे म्हटलं खोटं बोललात? दादानं चष्मा बदलला. घरी बसून वर्तमानपत्राच्या कडा कापतो, हात हलतो का बघायला. वहिनी सांगत होती. बाकी तुमचं सगळं खरं."

डिफॉल्टराव जेवले. चव कळली नाही, आणि चव न कळल्यास काय धरायचं हे कुणी आधी ठरवूनही ठेवलेलं नव्हतं.

त्यांना एक सवय होती. छपाईत वाया गेलेले मोठे कागद ते घरी आणायचे, जाड आणि गुळगुळीत असायचे, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायला बरे. त्या रविवारी बायकोनं डब्यांची फळी पुसायला काढली. जुना कागद काढून खाली टाकला आणि नवा पसरला. डिफॉल्टरावांना डबे हातात द्यायचं काम होतं.

"अहो, हा लहान मुलांचा बूट आहे का?"

"कुठला?"

"हा, नव्या कागदावरचा. जुन्यावर पण हाच आहे बघा, असाच, टाचेला असाच बाक. पण तो मोठा दिसतोय."

त्यांनी डबा खाली ठेवला. दोन्ही कागदांवर आकाराशेजारी नंबर छापलेला होता, आणि नंबर एकच होता. जुन्या कागदावर तेलाच्या डब्याचा गोल वळ उमटलेला. त्यांनी एक कागद दुसऱ्यावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. चारी बाजूंनी नवी रेघ जुन्या रेघेच्या आत होती. नखभर.

"दादाचा हात काही कागदावर फिरत नाही ना?" बायकोनं विचारलं.

"नाही," ते म्हणाले. मग फळी तशीच अर्धवट टाकून चपला घालू लागले. बायकोनं कुठे चाललात असं विचारलं नाही. त्या आठवड्यातली तिची ही पहिली मेहरबानी.

कारखान्यात जुनं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. ते त्यांनी चालू केलं. कैक वर्षांपूर्वी ते बसवलं तेव्हा प्रोग्राम तयार मिळायचा नाही. त्याचा मूळ मजकूर आणायचा आणि तो आपल्या मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे चालेल असा घडवून घ्यायचा. त्या मजकुरात एक भाग असतो: सेटिंगच्या फाईलमध्ये अमुक गोष्ट लिहिलेली नसेल तर काय धरायचं. ते घडवतानाच आत जातं, कणीक मळताना घातलेल्या मिठासारखं. नंतर वरून कितीही पाहा, दिसत नाही. छपाईच्या हुकमाची ओळ त्यांनी तिथे स्वतः बदललेली होती: जसं आहे त्याच मापानं छापा. शेजारी त्यांचीच टीप होती, इथे हात लावू नये.

आणि हात त्यांनी लावलाच नव्हता. नव्या तयार प्रोग्रामात दुसऱ्या कुणीतरी दुसरंच ठरवून ठेवलं होतं: आकार कडेला कापला जाऊ नये म्हणून थोडा आखडून कागदात बसवून घ्या. सेटिंगची फाईल याबद्दल तेव्हाही गप्प होती, आताही गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कागद घेऊन ते मालकीणबाईंसमोर उभे राहिले. बाईंनी तेलाच्या वळाकडे पाहिलं.

"हे माप तुम्ही फाईलमध्ये का लिहिलं नव्हतं?"

"गरजच पडली नाही. ते आतच होतं."

"म्हणजे तुमच्या एकट्याच्या डोक्यात."

"प्रोग्रामच्या पोटात, बाई. माझ्या डोक्यातून तर कधीच गेलं होतं."

"आणि तुम्ही तेव्हा म्हणालात, अक्षर न् अक्षर ताडलंय."

"जी अक्षरं होती ती ताडली," डिफॉल्टराव म्हणाले. "नव्हती त्यांचं काय करणार? पण मास्तरांचा हात बरोबर आहे. तो नखभर फरक माझा आहे."

बाईंनी त्यांना सुनावायचं तेवढं सुनावलं. असलं आणखी काय काय पोटात आहे ते सगळं उघड लिहून काढायला सांगितलं, आणि नव्या माणसाला येऊ नका असा निरोप धाडला. डिफॉल्टरावांनी फाईलमध्ये ओळ घातली, प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर पट्टी लावून पाहिली, आणि मग पॅकिंगकडे गेले.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, चिकटपट्टीचं टोक न सोडता.

"म्हणजे दाजी, माझा हात ठीक आहे."

"ठीक आहे."

"चष्मा उगाच बदलला म्हणायचा."

"मास्तर, मी काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते."

मास्तरांनी पट्टी तोडली, खोक्यावर अंगठा फिरवला. "एक दुपार माझ्या टेबलाशी उभे राहा. मोठं कातडं असलं की दुसरं टोक धरायला माणूस लागतो."

"एवढंच?"

"एवढंच. बोलायचं नाही, धरायचं. कटिंगच्या सगळ्या पोरांसमोर."

"कधीही सांगा," डिफॉल्टराव म्हणाले.

मास्तर आपल्या टेबलाशी परतले. शाळेच्या बुटांची खेप पुन्हा कापून झाली, पाठोपाठ दुसरीही. डिफॉल्टराव कटिंगच्या दारावरून रोज जातात. कधी प्रिंटर अडकलेला असतो, कधी मालकीणबाईंसाठी पोटातलं आणखी काही लिहून काढायचं असतं.

"दाजी, मोठं कातडं आलंय," मास्तर आतून म्हणतात.

"आज जरा बॅकअप आहे, मास्तर. उद्या नक्की."

"असू दे," मास्तर म्हणतात. मग कातड्याच्या दुसऱ्या टोकावर लोखंडी वजन ठेवतात आणि सुरी उचलतात.