हुकावरचं कुंकू

नागोजी आमच्या बेंगळूरच्या जुन्या मराठा घरातला. पत्र्याच्या शेडी चढवणाऱ्या टोळीचा मुकादम. अंगानं काडी, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. हसायला लागला की आधी मिशा हलायच्या, आवाज मागाहून यायचा. चौसष्ट साली यशवंतपूरला एका कारखान्याची शेड उभी राहत होती, तिथली ही गोष्ट. कामगारांच्या सभा भरवायला मी तिकडं रोज जायचो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेली.

त्याच्या टोळीतला देवाप्पा आधीच्या कामावर लोखंडावरून घसरला होता. जीव वाचला, पाय अधू झाला. तेव्हापासून नागोजीनं कंत्राटदार हंबीररावाच्या मागं एकच धोशा लावला: कमरेचे पट्टे आणा. चामड्याचा रुंद पट्टा, त्याला तीनेक हात जाड दोर, दोराच्या टोकाला लोखंडी हुक. हुकाच्या तोंडाला स्प्रिंगची जीभ. दाबली की आत जाते, सोडली की मिटते.

हंबीररावानं सहा पट्टे आणले, पण अट घालून. "दसऱ्यानंतर कामाच्या पहिल्या दिवशी समोरची पत्र्यांची ओळ पुरी झाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी मालक बघायला येणार. पट्ट्यापायी काम रखडलं, तर पट्टे परत गोदामात."

म्हणजे टोळी पुन्हा मोकळ्या अंगानं वर. जे कधी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढले नाहीत, तेच असल्या अटी घालतात. मला राग आला होता. नागोजी मिशीतल्या मिशीत म्हणाला, "सरी, बरं. पट्टे तर आले."

टोळीला मात्र पट्टा आवडला नाही. बेळगावकडचा कल्लाप्पा, दोन माणसांचं वजन एकटा उचलणारा गडी, पट्टा हातात धरून म्हणाला, "अण्णा, म्हशीला दावं बांधत्यात तसलं हाय हे."

"म्हैस दावं तोडून पळते," नागोजी म्हणाला. "तू तोडून दाखव."

कल्लाप्पानं खरंच हिसडे मारले. घाम आला, दोर जागचा हलला नाही. मग त्यानं दोर लांब वाटतो म्हणून मधे गाठ मारली, तशी नागोजीनं त्याच्या हातावर चापट दिली. "गाठ मारलीस की दोर तिथंच दुबळा. तुझ्या विहिरीच्या पोहऱ्याचा दोर न्हवे हा. आणि हुक पायाशी अडकवू नको. डोक्याच्या वर अडकव. पडशील तर थोडक्यात अडशील. जीभ मिटल्याचा 'टक' ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही."

पंधरवड्यात कल्लाप्पाची तक्रार संपली. उलट खंडेनवमीला त्यानंच पुढाकार घेतला. आयुधपूजेला आपल्याकडं पाने-हातोड्यांपासून लॉरीपर्यंत सगळ्यांना कुंकू. केळीचे खुंट बांधले, कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. सहाही पट्टे पाटावर मांडले होते. कल्लाप्पानं भक्तीच्या भरात हळद, कुंकू आणि गंध रंगासाठी आणलेल्या जवसाच्या तेलात कालवून हुकांना असं थापलं, की लोखंड दिसेना. त्यावर झेंडूच्या पाकळ्या. "नवं आयुध हाय," म्हणाला, "स्वल्प जास्तच पाहिजे."

दसऱ्याची सुट्टी झाली आणि सकाळी टोळी कामावर आली. नागोजीनं पहिला हुक उचलून जीभ दाबली. आत गेली ती गेलीच. बाहेर येईना. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. लेप वाळून बिजागरीत सिमेंटसारखा बसला होता.

"कोणी वर जायचं नाही," नागोजी म्हणाला. "रॉकेल आणा. पुसून काढू."

टोळी जागची हलेना. शिवाप्पा, टोळीतला सगळ्यांत थोरला, हात जोडून म्हणाला, "अण्णा, पूजेचं कुंकू पुसायचं? आमच्या घरी बायका आहेत."

कल्लाप्पानंही मान खाली घातली. "त्यापरास तसंच चढतो. देवी बघून घेईल."

"देवीला काय कामं नाहीत?" नागोजी ओरडला. पण रॉकेलची चिंधी हातात घेऊन तोही थबकला. दिवस वर येत होता, ओळ तशीच उघडी.

तेवढ्यात त्याची बायको अंबुबाई डब्यात सणाच्या उरलेल्या पोळ्या घेऊन आली. तिनं आधी सगळ्यांना एकेक पोळी दिली, मग विचारलं, तोंडं का अशी. कल्लाप्पानं सांगितलं.

"अरे, रोज सकाळी मी तोंड धुते तेव्हा माझं कुंकू कुठं जातं? मोरीत. म्हणून हे काय रोज मरतात?"

"अक्का, तसं न्हवं..."

"मग कसं? धुवायचं आणि ताजं लावायचं. शिळं कुंकू मिरवतं का कोण?"

ती तिथंच फतकल मारून बसली. नवऱ्याच्या हातातली चिंधी घेतली, अंबाड्यातला आकडा उपसला आणि बिजागरीतला लेप कोरायला लागली. पहिला हुक 'टक' करून मिटला, तसा कल्लाप्पा शेजारी येऊन बसला. मग सगळेच बसले. हुक साफ झाले की अंबुबाई पट्ट्याच्या चामड्यावर, पाठीच्या बाजूला, ताज्या कुंकवाचं बोट लावायची. "लोखंडाला नको, इथं लावायचं. देवीला पाठ पण दिसते."

पाच हुक नीट झाले. सहाव्याची जीभ रॉकेल पिऊनही आळसटच. नागोजीनं तो पट्टा बाजूला टाकला आणि शिवाप्पाला खाली पत्रे द्यायला ठेवलं. शिवाप्पा कुरकुरला, पण थांबला.

अर्धा दिवस गेलेला, माणूस एक कमी. तरी टोळी अशी भिडली, की खालून माझी मान दुखली. सूर्य कलला तेव्हा फक्त दोन पत्रे राहिले होते आणि हंबीरराव दारात उभा होता.

"ओळ पुरी नाही. पट्टे काढा."

वरून कल्लाप्पा शांतपणे म्हणाला, "हुक अडकलाय साहेब. वर येऊन काढून घ्या."

बाकीच्यांनी फक्त दोर घट्ट धरले. हंबीरराव तावातावानं शिडीला भिडला. नागोजी झरझर खाली उतरून आडवा आला. "पट्ट्याशिवाय माझ्या शिडीवर कोणी नाही." आणि स्वतःचा पट्टा सोडून त्यानं साहेबाच्या पोटाभोवती आवळला. शेवटच्या भोकापर्यंत ताणावा लागला.

हंबीरराव वर पोचला. कल्लाप्पानं त्याचा हुक डोक्यावरच्या लोखंडात अडकवला, टक ऐकला, मग मान हलवली. साहेबानं खाली पाहिलं आणि दोन्ही हातांनी शिडी कवटाळली. पट्टे काढण्याचं नाव नाही.

"उतरतो मी," म्हणाला, आणि हुक न सोडताच निघाला. दुसऱ्या पायरीला दोर ताठ झाला, पाय सटकला आणि आमचा कंत्राटदार पोटावर लोंबकळला, पाळण्यातल्या पोरासारखा. दोर हूं की चूं नाही. कल्लाप्पानं एका हातानं त्याला शिडीला टेकवलं.

खाली अंबुबाईनं पदर तोंडात कोंबला होता. नागोजीच्या मिशा हलायला लागल्या.

खाली आल्यावर हंबीररावानं घाम पुसला, पट्टा सोडला आणि स्वतः नागोजीच्या हातात दिला. "मालक दहाला येणार. त्याआधी ते दोन पत्रे टाका." मग बाजूला टाकलेल्या पट्ट्याची जीभ दाबून पाहत, थोडं घुटमळून, "त्या शिवाप्पाचा हुक बदलून देतो. आणखी दोन जास्तीचे मागवू?"

"मागवा," नागोजी म्हणाला. "एक जरा मोठ्या कमरेचा."